लॅपटॉप ज्याचा, कोड त्याचा

सप्रेम नमस्कार.

तुझ्या इंजिनिअरिंगच्या वर्गात मिनी प्रोजेक्टचे गट रोल नंबरप्रमाणे पाडलेस आणि आता ‘गटात एकटाच राबतो, बाकीचे नावापुरते’ म्हणून वैतागला आहेस. बाकीच्यांना आळशी ठरवण्याआधी एकदा लॅबमध्ये मागे उभा राहून बघ. लॅपटॉप ज्याचा, कोड त्याचा. अक्षर चांगलं म्हणून रिपोर्ट मुलीच्या गळ्यात. इंग्रजी फाडफाड बोलणारा पीपीटी घेऊन पुढे. आणि डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला, मराठी माध्यमातला मुलगा मुकाट्याने ब्रेडबोर्डवर, म्हणजे सर्किट जुळवायच्या भोकांच्या पाटीवर, वायरी खोचत बसतो. सर्किट खरं तर त्यालाच कळलेलं असतं, पण व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, त्याचं तोंड उघडत नाही. ज्याला जे आधीच येतं तेच तो करतो. प्रोजेक्ट पुरा होतो. नवीन कुणी काही शिकत नाही.

अमेरिकेत ओक्लाहोमा विद्यापीठात प्राध्यापक लॅरी मायकेलसन यांचा वर्ग 1970 च्या दशकाच्या अखेरीस 40 मुलांवरून 120 वर गेला, तेव्हा त्यांनी गटांची पद्धत बसवली. मुलं वाचून येणार, आधी प्रत्येकाने एकट्याने छोटी चाचणी द्यायची, मग तीच चाचणी पाच-सात जणांच्या गटाने चर्चा करून सोडवायची. मला यात मोलाचा वाटतो तो एकट्याचा कागद. सावकाश विचार करणाऱ्याला त्यात उसंत मिळते. तो गटात गप्प राहिला तरी त्याचं बरोबर उत्तर कागदावर असतं, आणि गटाने ते डावललं तर तुला दिसतं.

हुशार मुलं कुरकुरतील, आमचा वेळ जातो म्हणून. त्यांना सांग, समजावून देणाऱ्याचाच विषय पक्का होतो. शिक्षणाच्या संशोधक नोरीन वेब यांना लहान गटांच्या अभ्यासात हेच दिसलं. आणि नुसतं तयार उत्तर मिळालेल्याच्या पदरात फारसं पडत नाही, हेही. म्हणून ‘हे असं लिही’ म्हणून मोकळं होणाऱ्याला तिथेच टोक.

गुण सरसकट सारखे देऊ नकोस. कोडवाल्याला सर्किट विचार, सर्किटवाल्याला कोड. पण आधी सांगून, ऐनवेळी नव्हे. तुझ्यापुढे कुणी मराठीत उत्तर दिलं तर चालवून घे. बाहेरचे परीक्षक येईपर्यंत इंग्रजीचा सराव होईल.

गट मात्र आता मोडू नकोस, निम्मं सत्र सरलंय. कामं तेवढी सोमवारी बदल, आणि लॅपटॉप त्या डिप्लोमावाल्यापुढे सरकव.