गोठलेल्या तलावावरचा तंबू आणि गॅसचा हीटर

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही मिनेसोटात राहतो. येथे हिवाळ्यात तलाव गोठले की लोक बर्फाला भोक पाडून, त्यावर कापडी तंबू उभारून गळ टाकून बसतात. यंदा माझा मुलगा मित्रांबरोबर मिल लॅक्स तलावावर जाणार आहे. त्यांच्याकडे प्रोपेनवर चालणारा लहान हीटर आहे. ‘ऑक्सिजन कमी झाला की तो आपोआप बंद होतो, म्हणून तंबू पूर्ण बंद केला तरी चालतो,’ असे तो म्हणतो. हे खरे आहे का?
– एक वाचक, मिनिॲपोलिस

उत्तर : पहिला भाग खरा आहे, दुसरा मुळीच नाही, आणि तो मुलाच्या मनातून आधी काढून टाकावा. हवेत एरवी सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की अशा हीटरमधील सुरक्षा-यंत्रणा गॅस तोडते. मात्र ती कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. हीटर धुळीने चोंदला किंवा आपटून बिघडला, तर ज्वलन अपुरे राहून हा वायू त्याआधीच साचू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बंद न्हाणीघरात गॅस गीझरमुळे माणसे दगावल्याच्या बातम्या आपण महाराष्ट्रात वाचत आलो आहोत. तंबूतला धोका त्याच जातीचा आहे.

म्हणून तंबूचा एक झरोका खाली व एक वर, असे दोन्ही सतत उघडे हवेत. ते किती उघडे असावेत, हे हीटरच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. पण एकदा उघडून भागत नाही. प्रोपेन जळताना पाण्याची वाफही तयार होते आणि ती झरोक्याच्या जाळीवर गोठते. बाहेर वाऱ्याने उडालेला भुसभुशीत बर्फ तंबूच्या कडेला साचून खालची वाट बुजवतो. सकाळी उघडलेला झरोका दुपारपर्यंत असा नकळत बंद होतो. अधूनमधून जाळीवरून बोट फिरवावे आणि खरखरीत पांढरा थर लागला तर लगेच झाडून टाकावा.

बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सोबत हवाच. घरगुती अलार्म गोठणबिंदूखाली भरवशाचे नसतात, त्यामुळे तो किती तापमानापर्यंत चालतो, हे खरेदीपूर्वीच वाचावे.

सिलिंडर तंबूबाहेर, जवळपास ज्योत नसताना जोडावा आणि सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, ते पाहावे. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळलेला गॅस तळाशी पसरतो. कडाक्याच्या थंडीत सिलिंडरमधील दाब उतरून हीटर मंदावला, तरी त्याला ज्योतीने शेकू नये. दुसरा सिलिंडर लावावा. हीटर थेट बर्फावर न ठेवता रुंद फळीवर ठेवावा, कारण खालचा बर्फ वितळला की तो कलतो. कापड आणि झोपण्याच्या पिशव्या त्याच्यापासून दूर असाव्यात. डुलकी लागण्याची शक्यता वाटताच तो बंद करावा. तो चालू ठेवून झोपणे कोणत्याही परिस्थितीत नको.

डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे, विनाकारण गुंगी येणे ही या विषबाधेची लक्षणे आहेत. तंबूतील दोघांना एकाच वेळी तसे वाटू लागले, तर थंडीला किंवा जागरणाला दोष देत बसू नये. सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत यावे, ९११ला फोन करावा आणि बरे वाटले तरी पुन्हा आत जाऊ नये.