वेज 16 येतोय? आधी टेबलाची उंची विचारा

तुमची पोस्ट वाचली आणि माझाच जुना वैताग आठवला. फुफ्फुसातल्या रक्तप्रवाहाचं वन-डी (फक्त नळीच्या लांबीच्या दिशेने हिशेब करणारं) कॉम्प्युटर मॉडेल, मिनिटाला 5 लिटर प्रवाह जुळतोय, पण पल्मनरी आर्टरीचा (हृदयातून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीचा) सरासरी दाब मॉडेलमध्ये 14 एमएमएचजी (पाऱ्याचे मिलिमीटर) आणि कॅथलॅबच्या, म्हणजे हृदयात नळी घालून दाब मोजतात तिथल्या, कागदावर 22. म्हणून तुम्ही आर्टरीची भिंत कडक करत सुटलायत. थांबा. मी हेच आठ महिने केलं, इथेच, बडोद्यात.

मेशिंग, बाउंड्री कंडिशन ही मॉडेल बांधायची तंत्रं तुम्हाला येतच असणार. तुमच्याच कागदावर वेज प्रेशर (नळीच्या टोकाच्या फुग्याने धमनीची फांदी बंद करून मोजलेला पलीकडचा, म्हणजे साधारण डाव्या हृदयाच्या बाजूचा दाब) 16 आहे, ते बघा. 22 वजा 16 म्हणजे 6, भागिले 5, म्हणजे 1.2 वुड युनिट (रक्तवाहिन्यांचा रेझिस्टन्स, म्हणजे अडथळा, मोजायचं एकक). रेझिस्टन्स अगदी नॉर्मल! मीही तेवढ्यावरच निर्धास्त झाले होते. दोन्ही आकड्यांत सारखीच चूक असेल तर वजाबाकीत ती गळून पडते, हे काही डोक्यात आलं नाही.

ट्रान्सड्यूसर, म्हणजे नळीतला दाब मोजणारा सेन्सर, पेशंटच्या छातीच्या मध्याच्या पातळीत हवा. आमच्याकडे तो वेगळ्या स्टँडला होता. शून्य करून झालं, मग टेबल वर घेतलं, स्टँड होता तिथेच. नळीत सलाईन असतं आणि पाण्याच्या 13.6 मिलिमीटरला 1 एमएमएचजी, म्हणजे टेबल 11 सेंटीमीटर चढलं की 8 एमएमएचजी फुकटचे. हाताच्या धमनीत 120 चे 128 झाले तर कोणी ढुंकूनही बघत नाही. फुफ्फुसाचा सगळा कारभारच 14 वर चालतो.

आणि मॉडेलची खरी वाट लागते ती केशवाहिन्यांत. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी नगरपालिकेचं पाणी आलं की तळमजल्यावर बादली भरायची आणि दुसऱ्या मजल्याचा नळ नुसता खोकायचा. 1964 मध्ये जॉन वेस्ट आणि सहकाऱ्यांनी फुफ्फुसाचे झोन (वरपासून खालपर्यंत रक्तप्रवाह कसा बदलतो त्याचे पट्टे) मांडले, त्यातलं तत्त्व हेच. उभ्या माणसाच्या फुफ्फुसाची उंची साधारण 30 सेंटीमीटर, तेवढ्या रक्तस्तंभाचा फरक 23 एमएमएचजी. वर रक्ताचा दाब हवेच्या दाबापेक्षा कमी पडला तर केशवाहिन्या मिटतात. मी ते 8 जास्तीचे घातले आणि वरचे सगळे नळ धो धो सुरू. फंग आणि सोबिन यांचं 1969 चं शीट-फ्लो समीकरण (केशवाहिन्यांतलं रक्त पातळ चादरीसारखं वाहतं असं धरणारं) बिचारं बरोबरच चाललं होतं, मी मात्र त्यातच चूक शोधत बसले. (फंग मूळचे विमानांचे इंजिनिअर, म्हणून ‘इंजिनिअरचं इथे काय काम’ असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.)

डेटा जिथून आला त्या जागेचं नाव लिहीत नाही. माझा प्रश्न एका ओळीचा होता: ट्रान्सड्यूसर कुठल्या उंचीवर होता? पहिल्या खिडकीवर गाइडचं पत्र मागितलं. दुसऱ्या खिडकीने आवक क्रमांक नाही म्हणून अर्ज परत केला. तिसऱ्या टेबलावरचे साहेब म्हणाले, ‘डेटा दिलाय ना, मग उंचीचं काय काढलंत?’ चार महिने गेले. शेवटी एका टेक्निशियनभाऊंनी बाहेर सेव-उसळ खाता खाता दोन मिनिटांत सांगितलं, ‘स्टँड हलवायचं राहून जातं, ताई.’ तेव्हा शक्य असेल तर एक दिवस परवानगी काढून कॅथलॅबमध्ये उभ्या राहा. अर्ज नंतर.

सरसकट 8 वजा मात्र करू नका. टेबल दर वेळी वेगळं चढतं. राइट एट्रियमचा (हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याचा) दाब बघा, एरवी तो 2 ते 6 असतो. तोही तेवढाच वर असेल तर संशय पातळीवर घ्या. तो नॉर्मल असेल आणि वेजच तेवढा जास्त, तर पेशंटच्या डाव्या हृदयाचाच आजार असू शकतो. 15 च्या वरचा वेज गंमत म्हणून सोडून द्यायचा नसतो. मी डॉक्टर नाही, हे कार्डिओलॉजिस्टलाच विचारा. आणि वेज श्वास सोडल्यावर, शेवटाला वाचलाय की मॉनिटरने आपोआप काढलेली सरासरी आहे, हेही त्यांनाच विचारा. आमच्याकडे दोन्हींची खिचडी होती.

राइट एट्रियमचे आकडे असतील तर इथे टाका, बघूया. पेशंटची नावं आणि नंबर आधी काढून टाका.