नव्याने वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकास

मुलांमध्ये चिकाटी कशी रुजवावी, असे तुम्ही विचारले आहे. माझा पहिला सल्ला स्तुतीविषयी आहे, कारण माझी स्वतःची सर्वांत मोठी चूक तिथेच झाली. अनेक वर्षे मी चांगले उत्तर देणाऱ्याला ‘हुशार आहेस’ म्हणत असे आणि तीच मुले अवघड गणित समोर आले की वही मिटून घेत. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्राच्या संशोधकांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसले होते: बुद्धीची स्तुती झालेली मुले अपयशानंतर लवकर खचली, आणि प्रयत्नांची स्तुती झालेल्यांच्या तुलनेत त्यांच्यापैकी अधिक जणांनी आपले गुण इतरांना वाढवून सांगितले. चिकाटी आणि प्रामाणिकपणा किती जवळजवळ राहतात, हे मला त्यातून उमगले.

मात्र निष्फळ कष्टांचे कोरडे कौतुकही करू नका. मुलांना ते खोटे आहे हे लगेच कळते. कोणती पद्धत फसली आणि पुढे काय बदलता येईल, हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगू द्या, आणि मूल अडले असता उत्तर देण्याआधी थोडे थांबा, मग ती शांतता तुम्हालाच कितीही असह्य वाटो.

शिस्तीबद्दल एवढेच सांगतो, की फळ्यावर तुमची चूक झाली तर ती सर्वांसमोर मान्य करून दुरुस्त करा. सुविचार मुले विसरतात. शिक्षकाने चूक कशी कबूल केली, हे मात्र बारकाईने पाहतात.