नाशिकमध्ये मेकॅनिकल डिप्लोमा करतोय. करोजन (धातू गंजणं) या क्षेत्रात शिरायचं तर सुरुवात कुठून करू?

वजनघटीची (गंजून धातूचं वजन किती घटलं ते मोजायची) एक चाचणी स्वतः पूर्ण करा, अगदी आताच. माइल्ड स्टीलची पट्टी १२० नंबरच्या एमरी पेपरनं घासा, अ‍ॅसिटोननं पुसा, ०.१ मिलिग्रॅमपर्यंत अचूक तोला. लिटरमागे ३५ ग्रॅम मिठाच्या पाण्यात सात दिवस ठेवा.

बहुतेकजण इथेच फसतात: गंज चिकटून राहतो आणि वजन घटण्याऐवजी वाढलेलं दिसतं. म्हणून तोलण्याआधी गंज काढायचं द्रावण बनवा: निम्मं पाणी, निम्मं तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, लिटरमागे ३.५ ग्रॅम हेक्झामिन (आम्लाला चांगलं लोखंड खाण्यापासून आवरणारं रसायन). पट्टी त्यात दहा मिनिटं बुडवा, मग पुन्हा तोला. हातमोजे, चष्मा हवाच आणि आम्ल नेहमी पाण्यात ओता. सोबत कोरी, न गंजलेली पट्टी बुडवून तिची घट वजा करा, नाहीतर आम्लानं खाल्लेलं लोखंडही गंजाच्या खात्यात जातं.

मग हा वजनघटीचा आकडा घेऊन सातपूर-अंबडच्या कोटिंगवाल्यांकडे सॉल्ट स्प्रे चाचणी (मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात लेप किती टिकतो ते पाहणं) बघायला जा. हातात स्वतःचं काम असलं की लोक आपुलकीनं शिकवतात.