चुलतभावाची नवी बोट पाहून पोटात कालवतं, प्रार्थना करूनही जात नाही. काय करू?

ओळखीचं दुखणं आहे. मी वसईकडचा. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटली की कोण कुठल्या गाडीत बसतंय हे मोजायची खोड मलाही होती.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा २१वा अध्याय वाचा, तो आपल्या दर्यावरच्या माणसांचाच आहे. रात्रभर येशूच्या शिष्यांचं जाळं रिकामं, पहाटे १५३ मासे, काठावर कोळशाचा विस्तव. पोटभर खाऊन झाल्यावर येशू त्यांच्यातल्या पेत्राला म्हणतो, माझी मेंढरं, म्हणजे माझी माणसं, सांभाळ. एवढी मोठी जबाबदारी मिळाली, तरी पेत्र मागे वळतो, दुसऱ्या शिष्याकडे बघतो आणि विचारतो, याचं काय? येशू त्याला जवळजवळ झापतोच: त्याचं तुला काय? तू माझ्यामागे ये. साक्षात पेत्राची ही गत, मग आपली काय कथा!

आई वलांडीवर, म्हणजे मासे सुकवायच्या बांबूच्या मांडणीवर, बोंबील घालायची. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी टांगायची असते. शेजारणीच्या वलांडीकडे नजर गेली की आईच्या हातातली जोडी हमखास निसटून वाळूत पडायची.

‘माझा मत्सर काढ’ अशी प्रार्थना मला कधी लागू पडली नाही. त्यात सगळं लक्ष मत्सरावरच राहतं. त्यापेक्षा रोज रात्री भावाचं नाव घेऊन त्याच्या बोटीसाठी, खलाशांसाठी मागा. सुरुवातीला दात-ओठ खाऊनच होईल, होऊ द्या. आणि त्याचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस म्यूट करा, त्यात पाप नाही.