हायवेसाठी ब्रेक डिस्क घेताना भोकं बघू नको, बीड बघ

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. डिझेल सेडान, ९२ हजार किलोमीटर झालेली, दर आठवड्याला कोल्हापूर-पुणे आणि परत. १०० च्या पुढे ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं. मेकॅनिक म्हणतो, "पुढच्या डिस्क वाकल्यात, बदलून टाका." आता कंपनीच्या साध्या घ्यायच्या, बाहेरच्या ब्रँडच्या घ्यायच्या, का ऑनलाइन मिळणाऱ्या भोकं पाडलेल्या, चर मारलेल्या घ्यायच्या, हे तुला ठरत नाहीये. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मी एकोणीस वर्षं काढलीत, त्यातली बरीचशी कास्टिंगच्या तपासणीत. पुण्याची वारी माझीही याच रस्त्यानं असते. त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

उत्तर आधी सांगतो. तुझ्या मॉडेलच्या मापाची, साध्या तोंडाची, व्हेंटेड (दोन भिंतींमधे हवेची पोकळी असलेली), चांगल्या बिडाची, म्हणजे कास्ट आयर्नची, डिस्क घे. दोन्ही पुढच्या चाकांना जोडीनं टाक आणि डिस्कला दाबून धरणारे पॅडही नवे टाक. भोकांच्या मागं लागू नको. जो पैसा वाचेल तो ती नीट बसवून घेण्यात घाल.

आता कारण. ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करायची आणि ती डिस्कमध्ये साठवायची, एवढाच व्यवहार आहे. माणसं धरून १४०० किलोची गाडी १०० वरून शून्यावर आणली की साधारण ५४० किलोज्यूल ऊर्जा निघते. १२० वरून थांबवलीस तर तीच ७७८ होते. वेग वीस टक्क्यांनी वाढला, उष्णता ४४ टक्क्यांनी वाढली. यातला सत्तर टक्के भार पुढची दोन चाकं उचलतात असं धर. डिस्क सहा किलोची असेल तर १०० च्या एका ब्रेकला प्रत्येक पुढची डिस्क ६५ ते ७० अंशांनी तापते, १२० च्या ब्रेकला शंभराच्या आसपास. आणि आपल्या रस्त्याला एका ब्रेकवर भागत नाही. उसाच्या सीझनमध्ये पेठनाका ते किणी टोल या पट्ट्यात रात्री जाऊन बघ. मागं दिवा नसलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर मधल्या लेनमध्ये, तो चुकवला की रुंदीकरणाचं डायव्हर्जन, त्याच्या पुढं वळणारी एसटी. पहिल्या ब्रेकची उष्णता उतरायच्या आत दुसरा लागतो.

म्हणून मी म्हणतो, डिस्कचं पहिलं काम तव्यासारखं आहे. घरातला बिडाचा तवा आणि पातळ पत्र्याचा तवा शेजारी ठेव. पत्र्याचा झटक्यात तापतो आणि झटक्यात गार होतो, बिडाचा उष्णता पोटात घेऊन बसतो. डिस्कला हेच पोट लागतं, आणि पोट म्हणजे वजन. भोकं पाडली की वजन कमी होतं. झिजली तरीही कमी होतं, आणि इथं लोकांचा हिशोब चुकतो. २२ मिलिमीटरची डिस्क २० वर आली म्हणजे "दोनच मिलिमीटर गेले" असं वाटतं. पण मधे सात-आठ मिलिमीटरची हवेची पोकळी असते. दोन्ही भिंती सात-सात मिलिमीटरच्या असतील तर त्यांतला सातवा हिस्सा माल गेला. कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते, बहुधा मधल्या टोपीवर किंवा कडेला, "मिन टीएच" अशी. तुझी आत्ता किती उरलीय ते आधी मोज. बाहेरच्या कडेला न झिजलेला कंगोरा राहतो, त्यावर व्हर्निअर (जाडी मोजायचं माप) टेकवलास तर माप जास्त येईल. ते आतल्या बाजूला घे.

माल कोणता, हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. डिस्क ग्रे आयर्नची, म्हणजे करड्या बिडाची असते. त्यातला ग्राफाइट पाकळ्यांसारखा पसरलेला असतो. त्याच पाकळ्या उष्णता पटकन पुढं नेतात आणि ब्रेकचा आवाज गिळतात. ग्रे आयर्नचे ताकदीनुसार ग्रेड असतात; फाउंड्रीतल्या बऱ्याच पोरांना वाटतं की एफजी २०० पेक्षा एफजी ३०० भारी. ताकदीला भारी, खरं आहे. पण ताकद वाढवताना ग्राफाइट कमी होतो आणि उष्णता वाहून न्यायची क्षमताही घटते. डिस्कला उलटा माल लागतो. म्हणून चांगले ब्रँड "हाय कार्बन" डिस्क करतात, कार्बन साधारण ३.६ टक्क्यांच्या वर. ती वारंवार तापून-निवून कमी तडकते आणि आवाजही कमी करते. हायवेला थोडा जास्त पैसा द्यायचाच असेल तर तो या शब्दाला दे. ब्रेम्बो, बॉश, टीआरडब्ल्यू, एटीई, यांपैकी तुझ्या मॉडेलची मिळाली तर कंपनीच्या डिस्कइतकीच निर्धास्त घे. खोक्यावर ईसीई आर-९० चा उल्लेख असेल तर आणखी चांगलं, तो बदली ब्रेक-भागांच्या चाचणीचा युरोपीय नियम आहे.

भोकांविषयी मी अनुभवानं बोलतो. माझ्या आधीच्या गाडीला मी हौसेनं भोकं आणि चर असलेली जोडी लावली होती, ऑनलाइन मागवून. दिसायला देखणी होती. एक पावसाळा, दोन वेळा गगनबावड्यावरून करूळ घाटानं कोकणात उतरणं, बाकी पुणे. सर्व्हिसिंगला चाक काढलं तेव्हा एका भोकाच्या कडेला नखाला काहीतरी अडकलं. डिस्क उतरवून फाउंड्रीत नेली. साफ केली, तडे दाखवणारी लाल डाय लावली, दहा मिनिटांनी पुसली, वर पांढरा डेव्हलपर मारला. डोळ्यांदेखत भोकाभोवती केसाएवढ्या लाल रेषा उमटायला लागल्या. एक, मग तीन, मग अकरा. दोन ठिकाणी या भोकाची रेष त्या भोकाला जाऊन भिडली होती. ही डिस्क लावून मी बायको-पोरांना घेऊन घाट उतरलो होतो. मग ती बँडसॉवर उभी चिरली. आतली पोकळी ज्यानं पडते तो वाळूचा कोअर ओतताना सरकलेला. एक भिंत ७.४ मिलिमीटर, समोरची ५.१. पातळ बाजू आधी तापणार, आधी फुगणार, आणि ताण सगळा भोकांच्या कडांवर येणार. दुसरं काय होणार?

पॅडमधून निघणारा वायू सुटावा म्हणून डिस्कला भोकं पाडायची पद्धत जुन्या काळच्या पॅडमुळं आली. आजच्या चांगल्या पॅडला रस्त्यावर त्याची गरज नाही. महागड्या स्पोर्ट्स गाड्यांना भोकं असतात, पण त्यांची डिस्कही तेवढी मोठी असते आणि कडा नीट घासलेल्या असतात. चर त्या मानानं निरुपद्रवी. पॅडचं तोंड साफ ठेवतात, पण पॅड लवकर खातात आणि घरघरतात. तुझ्या वापराला दोन्ही नकोत.

दुकानात काउंटरवर डिस्क हातात घेतलीस की कडेनं बघ. हवेच्या फटी बरोबर मधे पाहिजेत, दोन्ही भिंती सारख्या जाड. चार ठिकाणी व्हर्निअर लाव. कडेला एखाद्या जागी गिरमिटानं खाल्ल्यासारखी खाच दिसेल, ती बॅलन्सिंगची असते, दोष नव्हे. त्यावरून चांगली डिस्क परत करणारे बघितलेत म्हणून सांगतो. बॅच नंबर आणि मिन टीएच कोरलेलं नसेल तर खोकं कितीही चकचकीत असो, परत दे. जुन्या डिस्कचं आणि नव्या डिस्कचं वजनही करून बघ. जुनी झिजलेली असूनही नवीच हलकी भरली तर काय समजायचं ते समज. आतल्या पात्या वळणदार असतील तर डावी-उजवी वेगळी असते, ती अदलाबदल होऊ देऊ नको.

आता तुझ्या मूळ दुखण्याकडं येतो, कारण इथंच सगळ्यांचे पैसे जातात. "डिस्क वाकली" हे बहुतेक वेळा खरं नसतं. होतं असं: चाक बसतं त्या हबवर गंज असतो. त्याच्यावर डिस्क तशीच चढवतात. गंजाचा पापुद्रा ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्मा. पण हब लहान आणि डिस्क मोठी, त्यामुळं कडेला तोच फरक जवळपास दुप्पट होतो. डिस्क लचकत फिरते. ब्रेक न दाबताही प्रत्येक फेरीला तिची एकच जागा पॅडला घासून जाते. १०० च्या वेगाला चाक सेकंदाला चौदा-पंधरा फेऱ्या मारतं, आता हिशोब कर. पाच-सात हजार किलोमीटरनंतर ती जागा बाकीच्यापेक्षा ०.०२ मिलिमीटरनं पातळ झाली तरी स्टेअरिंग थरथरायला लागतं. बसवली तेव्हा सगळं झकास होतं, म्हणून दोष डिस्कवर जातो. दुसरं कारण, तापलेल्या पॅडचा माल डिस्कला डागासारखा चिकटणं. तिथं बीड फारच तापलं तर खाली सिमेंटाइटचा (लोखंड आणि कार्बनच्या कडक संयुगाचा) ठिपका तयार होतो. तो लेथवर खरवडला तरी मुळापासून जात नाही आणि थरथर परत येते.

म्हणून नवी डिस्क घ्यायच्या आधी डायल, म्हणजे डिस्क किती लचकते ते मोजणारं सुईचं घड्याळ, लावून घे. उद्यमनगरात ज्याच्याकडं लेथ आहे त्याच्याकडं डायल असतोच. मॅग्नेटिक स्टँड सस्पेन्शनला चिकटवायचा, सगळे नट कसायचे, कडेपासून दहा मिलिमीटर आत सुई टेकवायची आणि डिस्क हातानं सावकाश फिरवायची. लचक ०.०५ मिलिमीटरच्या आत आली तर छान. जास्त आली तर डिस्क काढून नटांची एक-दोन भोकं पुढं फिरवून बसव आणि परत बघ, बरेचदा एवढ्यानंच उतरते. तरी उतरली नाही तर हब किंवा बेअरिंग तपास. थरथर ब्रेक न दाबताही येत असेल तर विषयच वेगळा, आधी व्हील बॅलन्सिंग करून घे.

बसवताना हब वायर ब्रशनं आणि एमरी पेपरनं धातू चमकेपर्यंत घास. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरनं पुसून काढ. चाकाचे नट एअर गननं तडातडा कसू देऊ नको, समोरासमोरचे क्रमानं, टॉर्क पान्यानं, मॅन्युअलमधल्या आकड्याला. गन लावणारा पोरगा कंटाळेल, तू तिथं उभा राहा. आणि कॅलिपरच्या (पॅड धरून दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना काढून बघच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या पिना धरलेल्या मी कितीतरी बघितल्यात. पिन अडकली की एकच पॅड घासत राहतो आणि नवी डिस्कही वर्षात जाते. लांबच्या फेरीनंतर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात ने, हात लावू नको. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त धगधगत असेल तर पिन किंवा पिस्टन अडकलाय.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदल. ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ या ग्रेडचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शिरल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. उकळलं की पॅडल स्पंजासारखं खाली जातं आणि तिथं कुठलीच डिस्क कामाला येत नाही. मागं ड्रम असतील तर तेही उघडून सेट करून घे. मागचे झोपलेले असले की सगळं पुढच्यांवर येतं.

पॅड कंपनीचे किंवा नावाजलेल्या ब्रँडचे घे. शर्यतीचे पॅड नकोत, ते गार असताना नीट धरत नाहीत.

शेवटचं काम बेडिंग, म्हणजे नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसवून घेणं. रविवारी सकाळी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रुंद रस्ते मोकळे असतात. मागं कुणी नाही बघून ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबानं गाडी हळू कर, पूर्ण थांबू नको, परत वेग घे. असं आठ-दहा वेळा. वास येईल, घाबरू नको. मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून निववायची. पहिले तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक टाळ. आणि तापलेल्या ब्रेकवर सिग्नलला किंवा टोलला पॅडल दाबून उभा राहू नको, पॅडचा शिक्का तिथंच उमटतो. सपाटीला हँडब्रेक लाव.

पुण्यात शिरताना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तुला दर आठवड्याला लागतो. तिथं गाडी न्यूट्रल करायची नाही, खालच्या गिअरमध्ये ठेवायची. नुसता ५०० मीटर उंचीचा घाट ब्रेकवर उतरलास तर १०० वरून बारा-तेरा वेळा थांबण्याएवढी उष्णता निघते, आणि कमी वेगात डिस्कला वाराही लागत नाही. इंजिननं त्यातला मोठा वाटा उचलला पाहिजे.

या आठवड्यात पुण्याला जायच्या आधी डायल लावून घे. जाडी, मिन टीएच आणि डायलचा आकडा असे तिन्ही मला कळव. डिस्क घ्यायची का नुसता हब घासून भागेल, ते त्यावरून सांगतो.