जे घडलंच नाही ते ‘घडू शकलं असतं’, हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

तुमचं विचारणं असं, की डोळ्यांना दिसतं ते फक्त घडलेलं. मग अमुक शक्य होतं आणि तमुक अटळ होतं, हे कळायचं कुठून?

आम्हा सीमाभागातल्यांचा निम्मा जन्म ‘असतं तर, नसतं तर’ करण्यात जातो, म्हणून इथलंच उदाहरण घेतो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. चंदगड तालुका तोवर याच जिल्ह्यात होता, तो तेवढा वगळला आणि कोल्हापूरला जोडला. आज वेंगुर्ला रोडनं बाची सोडून चंदगडच्या शिनोळीत शिरलं की पाट्यांवरची कन्नड अक्षरं संपतात. ऊस आणि बोलणं मात्र तेच. तेव्हा ‘बाचीही पलीकडे राहू शकली असती’ म्हणायला मला कल्पनेची भरारी मारावी लागत नाही. शेजारच्या गावाचं तसं झालेलंच आहे. (राहायला हवी होती का, हा वेगळा प्रश्न. २००४ पासून तो सुप्रीम कोर्टात आहे, इथं नको.)

शक्यतेचं आपलं बरंचसं ज्ञान असंच येतं, असं माझं मत. घडलं ते शक्य होतंच, आणि त्याच्यासारखं जे आहे तेही बहुधा शक्य. अठराव्या शतकातला तत्त्वज्ञ ह्यूम याच्या मते मनात स्पष्ट कल्पना करता आली की गोष्ट शक्य. इतकं सोपं नाही ते. गोल्डबाख या गणितज्ञाचा १७४२ चा अंदाज बघा: २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. हा खरा निघाला असं मी कल्पू शकतो, खोटा निघाला असंही. पण गणितात खरं असेल ते अटळ आणि खोटं असेल ते अशक्य. म्हणजे या दोनांतली एक कल्पना अशक्याची आहे, आणि कुठली ते मन सांगत नाही. संगणकानं ४ वर १८ शून्यं इथवरच्या संख्या तपासल्यात. तरी सिद्धता नाही तोवर ‘अटळ’ म्हणायची सोय नाही.

पदार्थांचं आणखी वेगळं. क्रिप्की या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७० च्या व्याख्यानांत मांडलं, की सोन्याचा अणुक्रमांक (अणूतल्या प्रोटॉनची संख्या) ७९ आहे हे शोधून काढावं लागलं, पण एकदा तो निघाल्यावर ७९ प्रोटॉन नसलेलं सोनं असूच शकत नाही. कितीही पिवळंधमक असो, सराफ ते बाजूला सारेल. यात एक पायरी मात्र कुठल्याच प्रयोगातून येत नाही: वस्तूची आतली घडण बदलली तर ती वस्तूच उरत नाही, ही. ती कशावरून मानायची, यावर तत्त्वज्ञांचं अजून एकमत नाही, आणि मलाही तीच जागा कच्ची वाटते.

पीटर व्हॅन इनवॅगन हा तत्त्वज्ञ तर म्हणतो, रोजच्या व्यवहारातल्या शक्यता आपल्याला कळतात, पण पारदर्शक लोखंड असू शकतं का, असल्या दूरच्या गोष्टींत आपण नुसतं ठोकून देतो. पटतं मला. इंग्रज आलेच नसते तर बेळगाव कुणाचं असतं, याचा निकाल आमच्याकडे चहाच्या टपरीवर रोज लागतो. ताडून बघायला त्याच्यासारखं घडलेलं काही हाताशी नसतं, म्हणून वादही संपत नाही.